अर्जातला एक रकाना

जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावच्या जुन्या गावठाणातल्या एखाद्या घराची किंमत विचारली, तर कोण विचारतंय ते पाहून उत्तर मिळतं. गिऱ्हाईक विचारत असेल तर जागेसकट, रस्त्याच्या हिशेबाने. सोयरीक घेऊन आलेला पाहुणा विचारत असेल तर जरा चढवून. नगरपालिकेचा माणूस विचारत असेल तर ‘कुठलं हो, पडकं घर आहे’. विम्याच्या अर्जातला रकाना विचारत असेल, तर घरमालक बहुतेक वेळा उत्तर देतच नाही. एजंट किंवा बँकेतला कारकून आकडा लिहितो, आपण खाली सही करतो. विम्याला लागणारा आकडा मात्र यांपैकी एकही नसतो. हे घर आज पूर्ण पडलं, तर राडारोडा उचलून, पायापासून वर, याच गल्लीत, आजच्या मजुरीने आणि आजच्या मालाने ते पुन्हा उभं करायला किती लागेल, एवढंच विम्याला हवं असतं. हा हिशेब न करता घेतलेली पॉलिसी घराची नसते, त्या आकड्याची असते.

घराच्या विम्याबद्दल जे काही वाचायला मिळतं, ते पुण्या-मुंबईचा फ्लॅट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. तिथे इशारा असा की बाजारभावाने विमा उतरवू नका, कारण त्यात जागेची किंमत मिसळलेली असते आणि जागा जळत नाही, वाहून जात नाही. हप्ता उगाच जास्त भरला जातो. इशारा खरा आहे. बाजारपेठेत रस्त्यालगत घर असेल तर धरणगावातही तो लागू पडतो. पण आतल्या गल्ल्यांत उलटी गोष्ट आहे. तिथे दोन फुटी मातीच्या भिंतींचं, सागवानी खणांचं, धाब्याचं घर विकायला काढलं तर गिऱ्हाईक ‘पाडायचा खर्च वेगळा’ म्हणून भाव पाडतं. बाजारभाव बांधकामाच्या खर्चाच्या खाली जातो. म्हणजे शहरात ज्या चुकीमुळे विमा फुगतो, त्याच चुकीमुळे इथे तो आखडतो. आखडलेला विमा जास्त वाईट, कारण फुगलेल्या विम्यात थोडा हप्ता वाया जातो, आखडलेल्यात घर अर्धं राहतं.

सरकारी मूल्यदर तक्त्याचा, म्हणजे रेडी रेकनरचा, आधार घेणारेही पुष्कळ. तो तक्ता मुद्रांक शुल्कासाठी असतो. 2023 आणि 2024 या दोन वर्षांत राज्याने हे दर वाढवले नाहीत, 1 एप्रिल 2025 पासून सरासरी 3.89 टक्के वाढवले. मधल्या काळात गवंड्याची मजुरी सरकारच्या निर्णयाची वाट पाहत थांबली होती असं कुणी म्हणणार नाही.

कर्जाच्या रकमेएवढा विमा हा त्याहून सोयीचा आणि त्याहून फसवा आकडा. वडिलोपार्जित घरावर वरचा मजला चढवायला आठ लाखांचं कर्ज काढलं, बँकेने आठ लाखांची पॉलिसी काढून घेतली. बँकेचं काम तिथे संपलं. तिचे आठ लाख सुरक्षित झाले. घराला काही झालं तर पॉलिसीतल्या कलमाप्रमाणे पैसा आधी बँकेकडे वळतो, आणि आठ लाखांतून कर्ज वजा जाता उरलं त्यात खालचा मजला, वरचा मजला आणि जिना बसवायचा असतो. ‘आमच्या घराचा विमा आहे’ असं या घरातला माणूस छातीठोकपणे सांगतो. तो खोटं बोलत नाही. आपल्या घराचा नव्हे, बँकेच्या कर्जाचा विमा आपण भरतोय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आता प्रत्यक्ष अर्जाकडे येऊ. 1 एप्रिल 2021 पासून विमा नियामक प्राधिकरणाने राहत्या घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी आणली. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल असे बहुतेक धोके तिच्यात अंगभूत आहेत. इमारतीची विमा रक्कम काढायचं सूत्रही तिच्यातच दिलेलं आहे: कार्पेट एरिया गुणिले पॉलिसी सुरू होण्याच्या दिवशीचा बांधकामाचा दर, चौरस मीटरवर. सूत्र सरळ दिसतं. धरणगावच्या घराला ते लावलं की गोम कळते.

आपल्याकडचा ठेकेदार दर सांगतो तो बांधकामाच्या बाहेरच्या मापावर, भिंती धरून. पॉलिसीतला कार्पेट एरिया मोजताना बाहेरच्या भिंती वगळायच्या असतात. तीस फूट बाय चाळीस फूट बाहेरचं माप असलेलं घर घ्या. बांधीव क्षेत्र 1200 चौरस फूट. भिंती नऊ इंची विटांच्या असतील तर आतलं माप सुमारे 1097 भरतं, फरक थोडा. पण भिंती दोन फुटी असतील तर आत उरतात 26 बाय 36, म्हणजे 936 चौरस फूट. हिशेबापुरता ठेकेदाराचा दर 1800 रुपये धरू. घर उभं करायला लागतील 21 लाख 60 हजार. अर्जात मात्र 936 गुणिले 1800 असं लिहिलं जाईल, आणि विमा होईल 16 लाख 85 हजारांचा. कुणी फसवलं नाही, कुणी खोटं लिहिलं नाही, तरी पावणेपाच लाख भिंतींच्या जाडीत गडप. ओटा, गच्ची, व्हरांडा यांचं क्षेत्र तर सूत्रात चौथा हिस्साच धरलं जातं, आणि आपल्याकडचा ओटा म्हणजे निम्मा संसार. यावर उपाय असा की आधी घराचा पूर्ण खर्च काढायचा आणि मग त्याला कार्पेट एरियाने भागून दर लिहायचा. वरच्या घरात तो 1800 न येता 2300 च्या पुढे येतो. पॉलिसीत दर विमाधारकाने जाहीर करायचा आणि कंपनीने मान्य करायचा असतो, त्यामुळे असा दर लिहिताना त्यामागचा हिशेब जोडला की झालं. (अर्ज चौरस मीटर मागतो आणि आपण चौरस फुटाचा दर सांगतो, हा गोंधळ वेगळाच. 87 चौरस मीटरला 1800 ने गुणलं की अख्खं घर दीड लाखात बसतं.)

‘कमी लिहिलं तरी चालतं, या पॉलिसीत कमी विम्याची कपात नाही’ असं एजंट सांगतो. तो अर्धं खरं सांगतो. जुन्या आगीच्या पॉलिसींत सरासरीचं कलम असे: वीस लाखांच्या घराचा दहा लाखांचा विमा असेल आणि चार लाखांचं नुकसान झालं, तर हाती दोनच लाख पडत. गृह रक्षा पॉलिसीत ही कपात माफ आहे. स्वयंपाकघर जळालं, एक भिंत गेली, तर पूर्ण खर्च मिळू शकतो. पण घर पूर्ण गेलं तर मिळायची कमाल रक्कम तीच, जी आपण लिहिली. ही माफी छोट्या संकटात कामी येते, मोठ्या संकटात नाही. खरं तर विमा मोठ्यासाठीच घ्यायचा असतो; स्वयंपाकघराचं छत आपण भिशी मोडूनही घालतो. दुकान, गोदाम, जिनिंगची शेड यांच्या पॉलिसी वेगळ्या असतात आणि त्यांत ही माफी मर्यादित असते. पुढे दुकान मागे घर अशी रचना धरणगावात गल्लोगल्ली आहे. अशा घराचा अर्ज ‘राहतं घर’ म्हणून भरला आणि समोरच्या खोलीत कापसाच्या गोण्या निघाल्या, तर वाद तिथूनच सुरू होतो.

दर वर्षी दहा टक्के आपोआप वाढ ही दुसरी दिलाशाची गोष्ट. तीही खरी आहे, ज्यादा हप्त्याशिवाय मिळते आणि पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते. पण ही वाढ सुरुवातीच्या रकमेवर मोजतात, आणि वाढून झालेली एकूण रक्कम सुरुवातीच्या रकमेच्या दुपटीपलीकडे जात नाही. आठ लाखांपासून सुरू झालेली पॉलिसी नऊ वर्षं पूर्ण झाल्यावर 15 लाख 20 हजारांवर पोचते. ज्या घराला आजच साडेएकवीस लाख लागतात, त्याला ती शेवटपर्यंत गाठत नाही. वर्षावर्षाची पॉलिसी घेणाऱ्याने नूतनीकरणाच्या वेळी जुनाच आकडा पुढे ओढला गेला नाही ना, एवढं तरी बघायला हवं.

या एका आकड्यावर बाकीचेही आकडे टांगलेले आहेत. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, कमाल दहा लाख, असं आपोआप संरक्षण मिळतं. आठ लाखांच्या इमारतीला सामानाचे 1 लाख 60 हजार. वास्तुविशारद आणि अभियंत्याची फी दाव्याच्या पाच टक्क्यांपर्यंत, राडारोडा उचलायला दोन टक्क्यांपर्यंत.

या दोन टक्क्यांपाशी थोडं थांबू. पुस्तकी अंदाजात राडारोडा ही एक ओळ असते; धाब्याच्या घरात तो एक प्रकल्प असतो. आपल्या त्याच तीस बाय चाळीसच्या घराच्या बाहेरच्या भिंतींची माती मोजा. 1200 वजा 936, म्हणजे 264 चौरस फुटांवर दहा फूट उंची, म्हणजे 2640 घनफूट, सव्वीस ब्रासहून जास्त. धाब्यावर फूटभर मातीचा थर धरला तर आणखी बारा ब्रास. आतल्या भिंती आणि लाकूड यांत धरलेलं नाही. एका ट्रॅक्टर ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल बसतो असं मानलं तर चाळीस-एक खेपा, आणि माती मोकळी झाली की फुगते, म्हणजे खेपा आणखी वाढतात. शिवाय ट्रॉली गल्लीत शिरते का, हा प्रश्न आहेच. जिथे दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीला मागे घ्यावी लागते, तिथे घमेल्यांनी माती चौकापर्यंत न्यावी लागते. आणि ज्या वाटेने माती बाहेर जाते त्याच वाटेने विटा, खडी आणि सळया आत येतात, डोक्यावरून. नव्या वसाहतीतल्या प्लॉटवरचा चौरस फुटाचा दर गावठाणात लावता येत नाही तो यामुळे.

सामाईक भिंतीचंही तसंच. शेजाऱ्याची तुळई आपल्या भिंतीत बसलेली असते. आपलं घर उतरवताना त्याच्या छताला टेकू द्यावा लागतो, त्याची उघडी पडलेली मातीची भिंत पावसाआधी झाकावी लागते. हा खर्च ठेकेदार सुरुवातीला सांगत नाही, शेजारी मात्र पहिल्या दिवशी सांगतो.

पायाचंही इथलं गणित वेगळं. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वरून जळगावचं मे महिन्यातलं तापमान. घट्ट मुरूम लागेपर्यंत खोदणं, प्लिंथ बीम घालणं, ही हौस नव्हे. आगीत पाया वाचेल असं म्हणून त्याचा खर्च वगळणारे असतात. पण शंभर वर्षांपूर्वीचा दगड-मातीचा पाया नव्या स्लॅबचं ओझं घेत नाही, त्यामुळे तो वाचला तरी उपयोगी पडेल असं नाही. आणि भूकंप किंवा पूर आला तर तो वाचतही नाही. 2016 च्या भारतीय मानकात जळगाव-धुळे तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहेत, आणि 14 मार्च 1938 रोजी सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झालेला आहे. चाळीसगावात 31 ऑगस्ट 2021 च्या तितूर आणि डोंगरी नद्यांच्या पुराने घरांचं काय केलं, हे तर जिल्ह्याने पाहिलं.

मालाच्या दराची शाश्वती किती, याचं उदाहरण वाळूइतकं चांगलं दुसरं नाही. 2023 मध्ये राज्याने 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचं धोरण आणलं. 2025 मध्ये पुन्हा नवं धोरण आलं आणि लिलाव परतले. दरम्यान गिरणेकाठच्या माणसाला ब्रासचा खरा दर काय पडला, हे त्यालाच विचारावं. सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणजे कधीकधी काटा खालीही येतो. पण घर एका सिमेंटच्या पोत्यावर उभं राहत नाही.

मोठ्या आपत्तीत एकच घर पडत नाही, शेकडो पडतात, आणि मग आदल्या दिवशीचा दर कागदावर राहतो. 30 डिसेंबर 2021 रोजी अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात मार्शल आगीत हजाराहून अधिक घरं जळाली. नंतर तिथल्या विमा खात्याने पॉलिसी तपासल्या. पुनर्बांधणीचा दर चौरस फुटाला 250 डॉलर धरला तर सुमारे 36 टक्के घरमालकांचा विमा अपुरा ठरत होता, 350 डॉलर धरला तर 67 टक्क्यांचा. आग तीच, घरं तीच, पॉलिसीही त्याच. दर शंभर डॉलरने सरकला आणि अपुरे ठरणारे जवळपास दुप्पट झाले. हे अशा देशात, जिथे बहुतेक घरमालकांच्या घराचा विमा असतो. आपल्याकडे कापूस वेचणीच्या दिवसांत एरवीही मजूर मिळत नाहीत. अशा वेळी तालुक्यात एकदम दोनशे घरं बांधायची वेळ आली, तर गवंडी ठेकेदाराचं ऐकणार नाही, ठेकेदार आपलं ऐकणार नाही. म्हणून आजच्या खर्चावर काही टक्के वर धरणं यात घाबरटपणा नाही.

‘सरकार देईल की’ असं म्हणणाऱ्यांनी एक आकडा पाहून ठेवावा. आपत्ती मदतीच्या 2022 ते 2026 या काळाच्या केंद्रीय निकषांत सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला 1 लाख 20 हजार रुपये आहेत. अंशतः पडझडीला, ती निदान पंधरा टक्के असेल तर, पक्क्या घरासाठी 6500 आणि कच्च्यासाठी 4000. आपल्या 1800 च्या दराने 1 लाख 20 हजारांत सदुसष्ट चौरस फूट बांधून होतात. ही मदत आहे, भरपाई नव्हे, आणि सरकारनेही तिला भरपाई म्हटलेलं नाही.

महाराष्ट्राला याचा सर्वांत मोठा धडा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत मिळाला. लातूर-धाराशिवकडची दगड-मातीच्या जाड भिंतींची, वर मातीचं जड माळवद असलेली घरं झोपलेल्या माणसांवर बसली. आपलं धाब्याचं घर त्याच घराण्यातलं. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली. नवी घरं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची होती, आणि कुणाला कोणतं मिळणार हे ठरलं जमीनधारणेवरून. गेलेलं घर केवढं होतं, त्यात किती खण होते, किती माणसं राहत होती, यावरून नव्हे. एवढ्या प्रचंड कामात सरकारला कुठली तरी पट्टी लावावीच लागते, आणि ती पट्टी अन्यायाची होती असं मी म्हणत नाही. पण आपल्या घराचा हिशेब आपल्याकडे नसेल तर तो दुसरा कुणीतरी, त्याच्या सोयीच्या मापाने करतो, हे तिथे बावन्न गावांनी अनुभवलं.

घर कशाचं आहे हे अर्जात खरं लिहिणं हाही याच हिशेबाचा भाग. सतराव्या शतकात धरणगावात इंग्रजांची वखार होती, इथलं कापड सुरतेहून जहाजाने जात होतं. त्याच शतकात, 1666 च्या आगीनंतर, लंडनमध्ये निकोलस बार्बन नावाच्या गृहस्थाने घरांचा आगीचा विमा सुरू केला. विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के, लाकडी घराला पाच. घर कशाचं हा घरविम्याच्या धंद्याचा पहिल्या दिवसापासूनचा प्रश्न आहे, आणि आजच्या अर्जातही कच्चं की पक्कं हे विचारलेलं असतंच. मातीच्या भिंती आणि लाकडी खण असताना ‘आरसीसी’ असं लिहून थोडा हप्ता वाचवायचा आणि मग सर्व्हेअरसमोर मान खाली घालायची, यात शहाणपण नाही. धाब्याचं घर कंपनी कोणत्या वर्गात धरते हे लेखी विचारून घ्यावं.

मग जुनं घर पडल्यावर पुन्हा सागवानाचंच उभं करायचा खर्च धरायचा का? माझ्या मते नाही. ते खण, ते कोरीव खांब आजच्या भावाने कुणालाच परवडत नाहीत आणि ते करणारे सुतारही उरलेले नाहीत. तेवढ्याच जागेचं, तेवढ्याच खोल्यांचं साधं आरसीसी घर, आजच्या बांधकाम नियमांत बसणारं, एवढा खर्च धरावा, आणि सर्व्हेअरच्या दृष्टीने जुनं आणि नवं एकसारखं ठरेल का, हेही कंपनीला आधीच विचारावं. नियम लक्षात घ्यायचे कारण 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर जुन्या घराच्या पायावर जसंच्या तसं घर चढवता येईल असं नाही. रस्तारुंदीत दोन फूट गेले तर नकाशा बदलतो, आणि पॉलिसी बोलते ती ‘होतं तसं’ उभं करण्याची भाषा.

हा आकडा काढायला फार मोठा तज्ज्ञ लागत नाही. गावात सध्या काम चालू असलेल्या दोन-तीन घरांचा मालासकट दर विचारावा, मालकालाही आणि गवंड्यालाही, कारण दोघांचे आकडे जुळत नाहीत. त्यात पाडकाम, वाहतूक, टेकू, पाया, वायरिंग, नळजोडणी, बोअरचं कनेक्शन, रंग हे धरलंय का ते पाहावं. मजुरीचा ठेका आणि पूर्ण कामाचा ठेका यांची सरमिसळ तिथेच होते. मग एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून लेखी अंदाजपत्रक करून घ्यावं. त्याची फी एका वर्षाच्या हप्त्याहून जास्त वाटेल, पण ते अंदाजपत्रक अर्जाला जोडलं की पुढचा बराच वाद आधीच मिटतो.

भावाभावांच्या घराचं काय, हा प्रश्न धरणगावात सर्वांत अवघड. उताऱ्यावर आजोबांचं नाव, पुढची खोली एकाकडे, माडी दुसऱ्याकडे, तिसरा सुरतेला. पॉलिसी एकाच्या नावाने, हप्ता त्याचा, आणि आकडा त्याने फक्त आपल्या वाट्यापुरता लिहिलेला. आग वाटणी पाहून थांबत नाही. अशा घरात वारसनोंद करून घेणं, सर्वांच्या संमतीने पूर्ण इमारतीचा एक आकडा लिहिणं आणि हप्ता वाटून घेणं हे बसून ठरवावं लागतं, आणि ते बसणं दिवाळीला सुरतेचा भाऊ आला की होणार असतं. तोवर निदान घराची बाहेरून-आतून छायाचित्रं, मापांचा कागद, पॉलिसीची प्रत आणि अंदाजपत्रक हे त्या सुरतेच्या भावाच्या मोबाइलवर पाठवून द्यावं. माडीवरच्या लोखंडी पेटीत ठेवलेली पॉलिसी माडीबरोबरच जाते.